दमणचे पुस्तक, कल्याणचा मचवा

१

त्र्यंबकराव वकिलांच्या कचेरीतून पुस्तक चोरीला गेले, ही बातमी नौपाड्यात कोणाला खरी वाटेना. भांडे जाते, धोतर जाते, वाळत घातलेले पापडसुद्धा जातात. पण कायद्याचे पुस्तक? तेही फिरंग्यांच्या भाषेतले, जे सबंध ठाण्यात एका पाद्र्याला आणि पास्कू मास्तरांनाच वाचता येत होते? चोर ते खाणार की पांघरणार, असा प्रश्न पानाच्या दुकानावर निघाला आणि त्यावर बराच वेळ विचार झाला.

उघडकीला आले ते असे. चैत्रातली सकाळ. पास्कू मास्तर मूळचे गोव्याचे. ठाण्यात पोरांना व्हायोलिन शिकवून म्हातारे झालेले. साक्षीची तयारी करायला ते कचेरीत आले, कपाटातले पांढऱ्या फडक्यात बांधलेले पुस्तक काढले, गाठ सोडली, आणि आतून गेल्या सालची पंचांगे निघाली. पोर्तुगालच्या राजाचा कायदा उघडायला गेलेल्या ख्रिस्ती माणसाच्या हाती एकादश्या लागल्या.

पुस्तकावर दावा अडला होता. कल्याणच्या खाडीकाठचा राघो, मिठाच्या धंद्यातला, भावापासून वेगळा होऊन फिरंग्यांच्या मुलखात, दमणला जाऊन राहिला होता. घर तिथे केले, मचवा तिथे घेतला. एकदा मचवा कल्याण बंदरात लावून, बायकोला 'याच्यावर नजर ठेव, येतोच' म्हणून तो मोठ्या गलबतावर मोझांबिकला गेला. येतोच म्हणालेला माणूस पुष्कळ वर्षे आला नाही. आता त्याचा भाऊ महिपत म्हणतो, राघो मेला, आमचे कुटुंब एकत्र, मचवा माझा. बायको आवडाबाई म्हणते, नवरा दमणचा रहिवासी, तेव्हा त्याच्या चीजवस्तूला दमणचा कायदा लावा.

कोर्टाने विचारले, दमणचा कायदा काय आहे? प्रश्न सोपा वाटतो. पण आपल्या मुलखाचा कायदा जज्जसाहेबाला ठाऊक आहे असे कोर्टात धरून चालतात आणि परमुलखाचा ठाऊक नाही असे धरून चालतात. तो शाबीत करावा लागतो, एखाद्या मारामारीसारखा: जाणता साक्षीदार आणून, आणि त्या सरकारच्या हुकमाने छापलेले पुस्तक दाखवून. तसे पुस्तक मास्तरांनी चुलतभावाला विनवण्या करून पणजीहून मागवले होते. तारीख चार दिवसांवर होती. ती हुकली की साहेब उन्हाळी सुट्टीवर जाणार आणि दावा पावसाळ्यापलीकडे.

वकिलांनी उत्तमरावांना बोलावले. उत्तमराव कोर्टाचे निवृत्त नाझर. आयुष्यभर लोकांच्या घरात जाऊन जप्त्या केल्यामुळे, कोणते भांडे कोणी का लपवले असेल हे त्यांना भांड्याकडे पाहूनच कळे. माणूस दिसला की ते मनातल्या मनात त्याचे दोन रकाने पाडत: याच्या जमेला काय, याच्या नावे काय. बायकोलाही ही सवय माहीत असल्याने ती त्यांच्यासमोर हसताना जपून हसे.

"महिपतनं नेलं, दुसरं कोण?" त्र्यंबकराव म्हणाले.

उत्तमरावांनी ते पांढरे फडके उचलले, खिडकीशी नेले, उन्हात उलटेपालटे केले.

"फडकं फार स्वच्छ आहे, वकीलसाहेब," ते म्हणाले.

२

कारकून मधु आधी घाबरला, मग रागावला. किल्ली त्याच्याकडे असते, हे खरे. काल दुपारी कचेरीचे बाहेरचे दार बंद करून तो वकिलांबरोबर कोर्टात गेला, संध्याकाळी परतला, हेही खरे. पण मधु हा संशयी जातीचा प्राणी. कुलूप लावले की तो कडीला एक काळा दोरा बांधतो आणि आल्यावर आधी दोरा पाहतो. हे तो वकिलांपासूनही लपवून करी. आज सांगावे लागले म्हणून त्याचे कान लाल झाले. दोरा जसाच्या तसा होता.

"कपाटाला कुलूप?"

"नाही. साहेब म्हणतात, कायद्याचं पुस्तक चोरणारा ठाण्यात अजून जन्माला यायचाय."

"जन्मला," उत्तमराव म्हणाले.

म्हणजे बाहेरून कोणी आले नव्हते. कचेरीला दुसरे दार एकच, घरातल्या बोळात उघडणारे. उत्तमरावांनी ते उघडून पाहिले. बोळ एका बाजूला माजघराकडे, दुसऱ्या बाजूला परसातल्या पडवीकडे जात होता.

महिपत त्यांना कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटला. रुंद हाडाचा, मिठागरात उन्हाने भाजलेला माणूस. चोरीचे ऐकून तो हसेल असे वाटले होते. तो कपाळाला हात लावून खाली बसला.

"म्हंजे पुना तारीख?" तो म्हणाला. "खडवलीचा लाकूडवाला चैत्रभर थांबतो बोल्लाय. पावसात भिजलेला मचवा कोन घेईल?"

मचवा मोडून लाकूड विकायचे त्याने ठरवले होते, आणि ते त्याने लपवलेही नाही. पुस्तकाची भीती वाटत नव्हती का, असे उत्तमरावांनी विचारले. महिपत म्हणाला, वकिलानेच समजावले होते: पुस्तकाप्रमाणे अर्धा मचवा बायकोचा, मूलबाळ नाही म्हणून उरलेला अर्धा भावाचा. अर्धा तर अर्धा.

मग तो जमिनीकडे पाहत बोलला. "लोक बोलतात मना पैशे पायजेत. पायजेत. पन नाझरसाहेब, माझा भाव सपनात दारात उभा रातो. आत ये बोल्लो तर येत नाय, जा बोल्लो तर जात नाय. मेला असंल तर एकदा पानी सोडूं द्या ना त्याला."

उत्तमरावांनी महिपतच्या नावे मांडलेले पुसले. त्या जागी काय लिहावे, हे त्यांना काही सुचले नाही.

३

दुपारी पास्कू मास्तर व्हायोलिनला तेल लावत बसले होते. पुस्तक गेल्याचे दुःख त्यांना वकिलांपेक्षा अधिक झालेले दिसले, आणि उत्तमरावांना हे दुःख तपासून पाहण्याजोगे वाटले. परक्या भाषेचा जाणता म्हणून साक्ष द्यायला उभा राहणारा माणूस कधीकधी उलटतपासणीच्या भीतीने स्वतःच पुस्तक बुडवतो.

मास्तर ओळखून हसले. "माझी परीक्षा घ्यायला आलात, नाझरसायबा? घ्या. परक्या देशाचा कायदा काढायचा तर पुस्तक मिळालं म्हणून नाचायचं नसतं. ते कोणाच्या हुकमानं छापलंय ते बघायचं. मग ते अजून चालू आहे का, की मधल्या काळात फिरवलंय, ते बघायचं. आणि मग, ते या माणसाला लागू आहे का? दमणच्या हिंदूंना त्यांच्या चालीरीतींपुरती सूट आहे. तीसुद्धा मी चुलतभावाकडून विचारून घेतली. मचव्याच्या आड ती येत नाही."

"मग इतकं करून दुःख कसलं?"

मास्तरांनी व्हायोलिनचा गज खाली ठेवला. या कामापुरता चुलतभाऊ सोडला तर गावाहून कोणाचे पत्र येत नाही, म्हणाले. भाऊ वारले, भाषा बोलायला कोणी उरले नाही. पुस्तक कायद्याचे, पण रोज उघडले की आईने हाक मारल्यासारखे वाटे. मग कुरकुरत म्हणाले, "आणि धड वाचूही दिलं नाही. पहिल्या भागात बेपत्ता माणसांवर काहीतरी आहे, सबंध प्रकरण आहे. मी म्हटलं, वाचून दाखवतो. वकील म्हणाले, नको, मयताच्या मालमत्तेचं काढा, बाकीचं काय करायचंय."

उत्तमरावांनी हे ऐकून घेतले. त्या वेळी त्याचे मोल त्यांच्याही लक्षात आले नाही. ते फडक्यातच अडकले होते.

राहिले वकिलांचे घर. काल तिथे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते. त्र्यंबकरावांची बायको शकूताई हसरी, सढळ हाताची बाई. सांगताना तिला वाटेत अंबेडाळीचे मीठ किती पडले तेही आठवत होते. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत घरात बायकाच बायका. पुरुषमाणूस एकही नाही; गड्यालासुद्धा सुट्टी दिलेली. सगळ्यांच्या हातांना हळद, वर चंदन, ओटीत भिजवलेले हरभरे, मग बोळातून पडवीत जायचे आणि पन्हे प्यायचे.

"कचेरीच्या दारावरून?"

"वाटच ती. पण कचेरीत कोण कशाला जाईल, भाऊसाहेब? पोरं गेली असती तर दौत सांडून आली असती."

"बाहेरच्या बायका?"

"चैत्रात दाराशी आलेली सवाशीण रिकामी पाठवत नाहीत. भाजीवाली आली, तिला दिलं. कासारीण आली, तिला दिलं. एकीलाही…"

शकूताई तिथे थांबली. मग पदर उगाच सारखा केला आणि अंबेडाळ देऊ का, असे विचारले.

उत्तमराव नको म्हणाले. त्यांना हवे ते मिळाले होते.

४

"त्र्यंबकराव," उत्तमराव संध्याकाळी म्हणाले, "पुस्तक तुमच्या घरातूनच गेलं."

वकील उठून उभे राहिले. उत्तमरावांनी त्यांना हाताने बसवले.

बाहेरच्या दाराचा दोरा शाबूत. म्हणून चोर बोळातून आला. काल बोळात पुरुष नव्हता. म्हणून चोर बाई. इथवर सरळ होते. पण काल या घरात शिरलेल्या प्रत्येक बाईच्या हातांना ओली हळद होती. ज्या हातांनी फडके सोडले, पुस्तक काढले, कपाटातलीच पंचांगे भरली आणि पुन्हा गाठ मारली, त्यांनी फडक्यावर एखादे तरी पिवळे बोट उठवायला हवे होते. फडके मात्र धुतल्यासारखे. म्हणजे पुस्तक नेले ते आलेल्या बायकांपैकी अशा एकीने, जिला हळद लावली गेली नाही.

"काल कोणाला अर्जीवर अंगठा द्यायला बोलावलं होतं तुम्ही?"

वकिलांचा चेहरा उतरला. "आवडाबाईला. पण मी कोर्टातून लवकर सुटलो नाही. ती पडवीत बसून परत गेली म्हणे. पण नाझरसाहेब, ती आपलंच पुस्तक कशाला चोरील? पुस्तकात तिचा हक्क आहे."

"अर्धा. काय लिहिलंत अर्जीत?"

वकिलांनी वाचून दाखवले. इतकी वर्षे खबर नाही, सबब आमच्या पुराव्याच्या कायद्याप्रमाणे नवरा मयत समजावा. आणि मयताच्या मालमत्तेतून दमणच्या कायद्याप्रमाणे अर्जदार विधवेस निम्मा हिस्सा मिळावा. मजकूर निर्दोष होता. वकिलांना तो फार आवडलेला दिसत होता.

"अर्धा मचवा पाण्यावर चालत नाही, वकीलसाहेब. तो विकून पैसे वाटायचे, म्हणजे खडवलीच्या लाकूडवाल्याला. तुमचा दावा जिंकला की तिचा मचवा जातो आणि कुंकूही जातं. पुस्तक नसलं तर नुसती तारीख पडते. मचवा कोर्टाच्या जप्तीत बंदरात सुरक्षित, आणि नवरा कागदावर जिवंत. ज्याला निकाल नको असतो त्याच्यासारखं तारखेवर प्रेम कोणी करत नाही."

आतल्या दारात बांगड्या वाजल्या. शकूताई उभी होती, कधीपासून कोण जाणे.

"तुम्हीच जेवताना म्हणालात," ती नवऱ्याला म्हणाली, "की ती कायद्यानं विधवा. मी करंडा घेऊन तिच्यापर्यंत गेले. तिनं कपाळ पुढे केलं होतं. आणि मी पुढच्या बाईकडे वळले."

त्र्यंबकरावांनी हातातली अर्जी पालथी करून ठेवली.

"उद्या मी कल्याणला जातो," उत्तमराव म्हणाले. "पास्कू मास्तरांना घेऊन. मला त्या पुस्तकातलं एक प्रकरण वाचून घ्यायचंय."

५

ओहोटी लागलेली होती. राघोचा मचवा कल्याण बंदराच्या चिखलात एका कुशीवर कलून पडला होता. पण त्याला डांबर ताजे होते, शिडाचे दोर नवे वळलेले. ज्याचा मालक नाही अशा मचव्याला इतके कोणी सजवत नाही. कोर्टाच्या जप्तीचा शिक्का डोलकाठीला लटकत होता आणि आवडाबाई काठावर बसून शिडाचे ठिगळ शिवत होती. वयाने चाळिशीच्या पुढची, काटक. कपाळावरचे कुंकू ठसठशीत, स्वतःच्या हाताने लावलेले.

उत्तमरावांनी आरोप केला नाही. त्यांनी खिशातून ते पांढरे फडके काढले आणि तिच्यासमोर धरले. तिने फडक्याकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे, आणि सुई ठेवली. मचव्यात चढून तिने आतून एक घोंगडी आणली. घोंगडीत राघोची बंडी होती, बंडीत पुस्तक. फडके मात्र तिने का नेले नाही, असे नाझरांनी सवयीने विचारले. परक्याच्या घरचा कपडा कशाला न्यायचा, असे ती म्हणाली. पुस्तक मात्र ती परक्याचे समजत नव्हती.

"वकीलसायेब बोल्ले, या बुकात तुझा निकाल हाय," ती म्हणाली. "मी बोल्ली, मंग ऱ्हावूं दे बुक माझ्याकडं. तो आयला की त्यालाच इचारीन, काय रं, तू मेला व्हतास का."

पास्कू मास्तर आपली टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी पुस्तक घेतले, वास घेतला, डांबर आणि माशाच्या तेलाचा. मग पहिला भाग उघडून, मचव्याच्या कडेला टेकून त्यांनी वाचायला सुरुवात केली. आधी त्यांच्या भाषेत, मोठ्याने, बंदरावरच्या कोणाला कळो न कळो. मग मराठीत, अडखळत.

कलमे पुष्कळ, अटी पुष्कळ. पण सार असे होते. त्या देशात माणूस जिवंत आणि मयत अशा दोनच खणांत ठेवत नाहीत. तिसराही खण आहे: घर सोडून गेला, खबर नाही, असा. त्याच्या मालमत्तेची वाटणी एकदम होत नाही. आधी तिची राखण होते. आणि गेलेला माणूस लग्नाचा असेल तर राखणीला, वहिवाटीला, त्याची बायको.

"बायको?" आवडाबाईने विचारले. "का विधवा?"

मास्तरांनी पुन्हा ओळीवर बोट ठेवले. दोनदा वाचले. "बायको," ते म्हणाले. "ज्याची खबर नाही त्याची बायको. तो येईपर्यंत."

उत्तमराव चिखलातल्या मचव्याकडे पाहत होते. आता त्यांना त्र्यंबकरावांची चूक दिसली, आणि ती हुशार माणसाची चूक होती. आपल्याकडे न आलेल्या नवऱ्याची बाब मेलेल्यांत शोधतात, म्हणून त्यांनी दमणच्या पुस्तकातही मेलेल्यांचेच पान उघडले. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ काढायचे तर आपल्या फडताळाच्या सवयीने हात घालून चालत नाही. आधी त्या घरात मीठ कुठे ठेवतात ते विचारावे लागते. मास्तर विचारा म्हणत होते. कोणी विचारले नव्हते.

"वकीलसायेबांना काय सांगाल?" आवडाबाईने विचारले.

"पुस्तक सापडलं, असं. कुठं, ते विचारायची त्यांना हिंमत होणार नाही. उत्तर त्यांच्या माजघरातून सुरू होतं."

ती थोडे हसली. मग सुई उचलून शिडाकडे वळली. भरती लागली की मचवा आपोआप सरळ होतो, एवढे म्हणाली.

६

तारखेच्या सकाळी आवडाबाई नौपाड्यातून कोर्टात गेली, कारण शकूताईने तसा निरोपच पाठवला होता. पडवीत नव्हे, माजघरात पाटावर बसवले. दोघींत काय बोलणे झाले ते कोणाला माहीत नाही. शकूताईने तिच्या हातांना कोपरापर्यंत हळद लावली, चंदन लावले, कुंकू लावले, आणि हरभऱ्यांनी ओटी इतकी भरली की आवडाबाईला एक हात पदराला धरूनच कोर्टात जावे लागले.

त्र्यंबकरावांनी रात्रीतून अर्जी नवी लिहिली होती. 'मयत' शब्द तीत कुठेही नव्हता. आवडाबाईने अंगठा दिला. काळ्या ठशाभोवती पिवळी कडा उठली. कोर्टाच्या कारकुनाने तो पुसू का म्हणून पाहिले. साहेबांनी मान हलवली, राहू दे.

पास्कू मास्तरांची साक्ष झाली. महिपतच्या वकिलाने त्यांना पुष्कळ हलवले: पुस्तक कोणाचे, केव्हाचे, या जातीच्या माणसाला लागू कशावरून. मास्तर तिन्ही प्रश्न आधीच स्वतःला विचारून आलेले होते. ते व्हायोलिनच्या तारा लावाव्यात तसे एकेक उत्तर नीट लावत गेले. महिपत मागच्या बाकावर बसून मराठी भाषांतर ऐकत होता. मचव्याचे लाकूड गेले हे त्याला कळले. पण तिसऱ्या खणाचे वाचन चालू असताना तो पुढे सरकून बसला, आणि दारातून आतही येत नाही, जातही नाही, अशा कोणाला तरी त्या पुस्तकात जागा मिळाल्यासारखा ऐकत राहिला.

साहेब म्हणाले, मचव्याची राखण तूर्त बायकोकडे द्यायला हरकत दिसत नाही. मात्र ज्याच्या वस्तूबद्दल हुकूम करायचा, त्याला आधी हाक मारली पाहिजे. रीत म्हणजे रीत.

पट्टेवाला व्हरांड्यात गेला. असा पुकारा तो रोज करी. नावामागचा माणूस कोण, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

"राघो बिन काळुराम हाजिर है?"

कोर्टातल्या सगळ्यांना उत्तर माहीत होते. कोणी मान वर केली नाही. आवडाबाई मात्र वळली आणि दाराकडे पाहू लागली.

"राघो बिन काळुराम हाजिर है?"

बाहेर कडुनिंबाखाली पक्षकार भाकरी खात बसले होते. त्यांच्यातल्या एकाने उगाच आजूबाजूला पाहिले. आवडाबाईने पदर सावरला, ओटीतले हरभरे सांडू नयेत म्हणून.

तिसरी हाक जरा लांबली. पट्टेवाल्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला, खाडीकडून वारा येत होता त्या बाजूला, आणि विरला. मागच्या बाकावर महिपत अर्धवट उठला होता. उत्तमरावांनी त्या दोघांकडे पाहिले आणि या वेळी कोणताही रकाना पाडला नाही.

कारकुनाने टाक शाईत बुडवला.

"काय लिवलं?" आवडाबाईने दारावरची नजर न काढता विचारले.

"गैरहजर," उत्तमराव म्हणाले.

"हां," ती म्हणाली. "तेवढंच हाय."